युकॉनच्या मार्थाबाई

कॅनडाच्या वायव्य टोकाला, अलास्काला लागून युकॉन हा अतिशीत प्रदेश आहे. ऑगस्ट १८९६ मध्ये तेथील क्लॉन्डाइक नदीच्या परिसरात सोने सापडले आणि हजारो माणसांचा लोंढा तिकडे वळला. बहुतेकांनी नशीब अजमावून परतीची वाट धरली. मार्था ब्लॅक मात्र सोन्याच्या आशेने आल्या आणि त्या भूमीच्याच होऊन राहिल्या.

मार्थाबाईंचा जन्म १८६६ साली शिकागो येथे झाला. १८८७ मध्ये विल पर्डी यांच्याशी विवाह होऊन त्यांना दोन मुलगे झाले. १८९८ साली पतिपत्नींनी क्लॉन्डाइकला जाण्याचे ठरविले; पण ऐन वेळी पतीचा बेत बदलला. मार्थाबाई मागे फिरल्या नाहीत. भावाला बरोबर घेऊन त्यांनी चिलकूट खिंडीची चाळीसहून अधिक मैलांची बिकट वाट पार केली, तीही गरोदरपणी. जानेवारी १८९९ मध्ये डॉसन येथे ओंडक्यांच्या झोपडीत त्यांना तिसरा मुलगा झाला.

वडील त्यांना माहेरी घेऊन गेले, पण तेथे त्यांचे मन रमेना. त्या डॉसनला परतल्या आणि लाकूड कापण्याच्या गिरणीचा कारभार त्यांनी हाती घेतला. त्या काळी बारमाही गोठलेली जमीन सरपणाच्या आगीने वितळवून खोदावी लागे. वाळू धुण्याच्या पन्हळी, घरे, होड्या सारे लाकडाचेच. सोने मिळो वा न मिळो, लाकडावाचून कोणाचेही चालत नसे. १८९९ साली अलास्कातील नोम येथील सोन्याची वार्ता येताच हजारो लोक डॉसन सोडून गेले होते. अशा ओसरत्या गावात एका स्त्रीने उद्योग चालविला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

पहिला विवाह संपुष्टात आल्यानंतर १९०४ साली त्यांनी वकील जॉर्ज ब्लॅक यांच्याशी विवाह केला. १९१२ मध्ये ब्लॅक युकॉनचे मुख्य प्रशासक झाले. पहिल्या महायुद्धात ते युकॉनच्या सैनिकांसह इंग्लंडला गेले, तेव्हा मार्थाबाईही सोबत गेल्या. तेथे त्यांनी युकॉनवर व्याख्याने दिली. १९१७ साली रॉयल जिऑग्रॅफिकल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. युकॉनच्या रानफुलांचा त्यांचा अभ्यासही लक्षणीय होता.

जॉर्ज ब्लॅक १९२१ पासून संसदेत होते आणि १९३० मध्ये सभापती झाले. १९३५ साली ते आजारी पडल्यामुळे सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या मार्थाबाई स्वतः उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या. विरळ वस्तीचा तो अफाट मतदारसंघ त्यांनी पिंजून काढला आणि १३४ मतांनी विजय मिळविला. ॲग्नेस मॅकफेल यांच्यानंतर कॅनडाच्या लोकसभागृहात निवडून आलेल्या त्या दुसऱ्या महिला होत.

ही जागा त्यांनी पतीसाठी राखली, असे म्हणता येईल. १९४० मध्ये त्यांनी ती पतीसाठी सोडलीही. तथापि, त्या वर्षी पतीच्या पक्षाचा देशभर धुव्वा उडाला असताना केवळ पतीच्या नावावर मते मिळाली असती काय? त्या मतांमागे गिरणीपासून पुढची पस्तीस वर्षे उभी होती. या यशोगाथेला एक काळी किनारही आहे. क्लॉन्डाइकच्या मुखाशी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे मूळ रहिवासी या सोन्याच्या धामधुमीत तेथून उखडले गेले. कॅनडातील आदिवासींना बिनशर्त मताधिकार मिळाला तो १९६० साली.

१९३८ मध्ये मार्थाबाईंचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी, वयाच्या एक्याण्णव्या वर्षी, युकॉनमधील व्हाइटहॉर्स येथे त्यांनी देह ठेवला. ज्या भूमीने अनेकांना रिक्त हस्ते परत पाठविले, तिने मार्थाबाईंना आपले प्रतिनिधित्व दिले. श्रमाने मिळविलेले हे स्थान सोन्याहून टिकाऊ ठरले.