मंडालेचा दिनक्रम

दिंडोशीच्या चढावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत एक गृहस्थ आहेत. वर्षभरात त्यांच्या वाट्याला तीन गोष्टी एकामागून एक आल्या. नोकरी सुटली, तपासणीत मधुमेह निघाला आणि पत्नीचं आजारपण सुरू झालं. भेटेल तो त्यांना पॉझिटिव्ह राहण्याचा सल्ला देतो. परवा ते वैतागून म्हणाले, की पॉझिटिव्ह राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगत नाही.

प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधताना मला मंडाले आठवलं.

२२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी लोकमान्य टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड ठोठावला. (१८९७ च्या खटल्यात हेच दावर टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. योगायोग असेही असतात.) दुसऱ्याच दिवशी टिळकांना ५२ वर्षं पूर्ण होणार होती. मधुमेह आधीच जडलेला होता. आधी साबरमतीचा तुरुंग, मग शिक्षेचं रूपांतर साध्या कैदेत आणि सप्टेंबरात ब्रह्मदेशातल्या मंडालेला रवानगी. तिथं लाकडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर, गजांच्या पिंजऱ्यासारखी खोली. उन्हाळ्यात होरपळ, थंडीत कुडकुड आणि धुळीला तर अडवायला काहीच नाही. प्रिव्ही कौन्सिलकडचं अपीलही फेटाळलं गेलं. सहा वर्षं म्हणजे सहा वर्षं, हे स्पष्ट झालं.

मधुमेहाचा विचार करा. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ मध्ये, टोरांटोत. पहिल्या रुग्णाला ते टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये. म्हणजे टिळकांच्या हाती पथ्याखेरीज दुसरं काही नव्हतं. त्यांनी भात आणि साखर सोडली. सातूच्या, म्हणजे जवाच्या पिठाचे पदार्थ आणि दूध-दह्यावर ते राहू लागले. जवात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो. तो पोटात चिकट होतो आणि जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरू देतो. हे रसायन तेव्हा कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं, पण पथ्य लागू पडलं. ते सहा वर्षं पाळलं गेलं, हे मला अधिक मोठं वाटतं. आपल्यापैकी बहुतेकांचं पथ्य पहिल्या लग्नसराईत मोडतं.

स्वयंपाकासाठी तुरुंगानं त्यांना वासुदेव रामराव कुलकर्णी नावाचा सातारा जिल्ह्यातला एक कैदी दिला होता. टिळक तिथं कसे राहत, हे आपल्याला बरंचसं या कुलकर्ण्यांच्या आठवणींमुळे कळतं. दिवस साधा होता. लवकर उठणं, प्रार्थना, आंघोळ, वाचन, जेवण, पुन्हा वाचन-लेखन, येरझारा, कुलकर्ण्यांशी गप्पा. आणि चिमण्या. टिळक जेवताना त्यांच्यासाठी दाणे टाकत. काही दिवसांत चिमण्या इतक्या धीट झाल्या, की ताटाजवळ येत, अंगाखांद्यावरही बसत. केसरीकारांच्या खांद्यावर चिमणी, हे चित्र त्यांच्या करारी छायाचित्रांशी जुळत नाही खरं, पण मला ते फार आवडतं. ज्याला स्वतःला कुठंच जाता येत नाही, त्यानं रोज कुणाची तरी वाट पाहावी आणि ते खरोखर यावं, ही छोटी गोष्ट नव्हे.

लिहिण्यावर बंधनं होती. शाई नाही, फक्त शिसपेन्सिल. सुटे कागद नाहीत, पानांवर क्रमांक घातलेल्या बांधीव वह्या. पुस्तकं हळूहळू मिळत गेली आणि त्यांचा संग्रह शेकड्यांवर गेला. पन्नाशी उलटलेला हा माणूस पुस्तकांवरून जर्मन, फ्रेंच आणि पाली शिकला. १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिक ते फाल्गुन अशा जेमतेम पाच महिन्यांत गीतारहस्याचा पहिला खर्डा पुरा झाला. विचार मात्र कित्येक वर्षांचा होता. वह्यांना पाच महिने पुरले, कारण डोक्यातला आराखडा आधीच तयार होता.

नियमाची ही सवय तुरुंगात लागलेली नव्हती. डेक्कन कॉलेजात आले तेव्हा टिळक अंगानं किरकोळ होते. पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला सारून तालीम आणि पोहण्याला दिलं, परीक्षेचं नुकसान सोसलं आणि शरीर कमावलं. आजचे पालक हे ऐकून घेतील असं वाटत नाही.

मग जून १९१२ आला. ७ तारखेला पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. त्यांनाही मधुमेह होता. मंडालेत तार पोचली, एवढंच. अंत्यदर्शन नाही, मुलांना जवळ घेणं नाही. हातात होतं ते फक्त पत्र. त्यात त्यांनी मुलांच्या अभ्यासाची काळजी घ्यायला लिहिलं. स्वतः टिळक दहाव्या वर्षी आईला आणि सोळाव्या वर्षी वडिलांना पारखे झाले होते, त्यामुळे पोरकेपणात अभ्यास म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवसांत ते आनंदी होते असं कुणी म्हणू नये. पण दिवसाचा क्रम सुटला नाही.

मानसोपचारात आज ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ नावाची पद्धत वापरतात. मन बरं झाल्यावर कामाला लागू, असं आपण म्हणतो. ही पद्धत उलट्या बाजूनं सुरुवात करते. आधी ठरल्या वेळी एक लहान, अर्थपूर्ण काम करायचं, मन मागाहून येतं. सौम्य आणि मध्यम नैराश्यात तिचा चांगला उपयोग होतो. उठण्या-झोपण्याच्या, जेवणाच्या वेळा पक्क्या ठेवल्या की शरीरातलं घड्याळ सावरतं, झोप सुधारते आणि झोपेबरोबर चिडचिडही कमी होते. मंडालेचा दिनक्रम या चौकटीत चपखल बसतो. मात्र दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर चिमण्यांना दाणे टाकून भागणार नाही. डॉक्टर गाठावा किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे.

८ जून १९१४ ला टिळकांना मंडालेतून हलवलं आणि १६ जूनच्या मध्यरात्री पुण्यात गायकवाड वाड्याच्या दारात आणून सोडलं. वह्या सरकारनं लगेच दिल्या नाहीत. त्या मिळाल्यावर १९१५ मध्ये गीतारहस्य छापून निघालं.

हे सगळं मी त्या गृहस्थांना चढ संपेपर्यंत सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की सातूचं पीठ इथं कुठं मिळेल. मी म्हटलं, पाकिटावर नुसतं सातू लिहिलेलं घेऊ नका, त्यात बरेचदा गहू आणि डाळं असतं, कधी साखरही. जव आणून दळून घ्या, पण आधी डॉक्टरांना विचारा आणि चालू गोळ्या बंद करू नका. ते हो म्हणाले. उद्या सहाला येतो, असंही म्हणाले.