शोभा सेन उजळली, मंजुळा धूसरच राहिली

भक्ती बर्वे हे नाव मराठी रंगभूमीच्या इतिहासात ‘ती फुलराणी’मधील मंजुळेशी कायमचे जोडले गेले आहे. मात्र स्वच्छ चित्र आणि निर्मळ आवाज यांसह त्यांचा अभिनय आज मोठ्या पडद्याच्या दर्जाने पाहायचा, तर प्रेक्षकाला एका हिंदी चित्रपटाकडे वळावे लागते. कुंदन शहा यांचा ‘जाने भी दो यारो’ हा १९८३ मधील चित्रपट राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने डिजिटल तंत्राने पुनरुज्जीवित केला आणि २ नोव्हेंबर २०१२ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत झळकला. ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादिका शोभा सेन त्यात भक्ती बर्वे यांनी रंगवली होती. तो दिवस पाहायला त्या नव्हत्या. त्यांच्या निधनाला तेव्हा अकरा वर्षे उलटून गेली होती.

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगलीत झाला. नाट्यपंढरी म्हणून मिरवणाऱ्या या गावाचे देणे त्यांना जन्मानेच मिळाले असे म्हणता येईल. पण अभिनयाचे धडे त्यांनी गिरवले ते सुधा करमरकर यांच्या ‘लिट्ल थिएटर’च्या बालनाट्यांतून. मुलांसमोर नाटक करणे हे सोपे काम नव्हे. लहान प्रेक्षक कंटाळला की लगेच चुळबुळू लागतो, त्याला भीड नसते. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचवण्याची शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती बहुधा तिथेच. पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निवेदिका आणि नंतर मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका म्हणून त्यांनी काम केले. त्यांचा आवाज घराघरांत ओळखीचा झाला. विजया मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’ या नाटकातही त्या होत्या. ब्रेख्तच्या नाटकाचे ते चिं. त्र्यं. खानोलकर यांनी केलेले मराठी रूप.

आणि १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ आले. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलिअन’ला पु. ल. देशपांडे यांनी इतके अस्सल मराठी रूप दिले, की मूळ नाटक इंग्रजी आहे हे प्रेक्षक विसरून गेला. रस्त्यावर फुले विकणारी, तोंडाने फटकळ असलेली मंजुळा आणि तिला शुद्ध बोलायला शिकवण्याची पैज लावणारा भाषाशास्त्राचा प्राध्यापक, अशी ही जोडी. प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते. अपमानाने पेटून उठलेली मंजुळा प्राध्यापकाला अद्दल घडवण्याची स्वप्ने रंगवते, ते स्वगत भक्ती बर्वे यांच्या अभिनयाचा मानदंड ठरले. रडू, राग, खट्याळपणा आणि सूडाचा आनंद अशा परस्परविरोधी छटा त्या काही मिनिटांत एकीतून दुसरीत नेत असत. पुढे सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांच्यासारख्या गुणी अभिनेत्रींनी ही भूमिका केली. तुलना मात्र प्रत्येक वेळी पहिल्या फुलराणीशीच झाली.

या नाटकाचा विषय भाषा हा आहे. माणसाची किंमत त्याच्या उच्चारांवरून ठरवली जाते, हे दुखणे पुण्या-मुंबईपेक्षा सीमाभागाला अधिक ठाऊक आहे. लातूर जिल्ह्यातील जळकोट परिसराचेच पाहा. १९९९ मध्ये तालुका झालेला हा भाग कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमांपासून फार दूर नाही. इथल्या बोलीत उर्दू, कानडी, तेलुगू शब्द सहज मिसळतात. शिक्षण-नोकरीसाठी मोठ्या शहरात गेलेल्या इथल्या मुलाला आपल्या बोलण्यावर होणारे हसू सहन करावे लागते. मंजुळेचा संताप त्याला समजावून सांगावा लागत नाही. मात्र मुंबईपासून पाचशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या अशा गावांच्या जवळ व्यावसायिक नाटकाचा दौरा आलाच, तर लातूर-नांदेडपर्यंत. त्या स्वगताच्या चित्रीकरणाचे तुकडे आता महाजालावर सापडतात. पण जुन्या चित्रफितींची धूसरता त्यांच्यावर आहे.

इंग्रजी फुलराणीचे नशीब वेगळे. ‘पिग्मॅलिअन’वरूनच बेतलेला ‘माय फेअर लेडी’ हा ऑड्री हेपबर्न यांचा १९६४ मधील चित्रपट १९९४ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पुनरुज्जीवित झाला. नाटकाला निगेटिव्ह नसते.

‘जाने भी दो यारो’ची निगेटिव्ह होती, म्हणून तो वाचला. सात लाख रुपयांच्या आतबाहेर खर्चात बनलेला हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तिकीटबारीवर फारशी गर्दी झाली नव्हती. विनोद आणि सुधीर या दोन भोळ्या छायाचित्रकारांच्या हाती एका खुनाचा पुरावा लागतो. मग बिल्डर, आयुक्त, पोलिस आणि पत्रकार यांची साखळी उलगडत जाते. प्रेताला द्रौपदी करून रंगमंचावर आणणारा महाभारताचा प्रवेश पाहून प्रेक्षक पोट धरून हसतो आणि चित्रपट संपतो तो पूल कोसळल्याचा ठपका निरपराध नायकांच्या माथी मारून. कुंदन शहा यांना पदार्पणातील सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाने मिळवून दिला.

नसिरुद्दीन शहा, रवी बासवानी, ओम पुरी, पंकज कपूर, सतीश शहा अशा मांदियाळीत शोभा सेन सहज झाकोळली जाते. तिच्यावर लिहिलेही कमी गेले. वास्तविक चित्रपटातील सर्वांत बोचरे पात्र तिचेच आहे. बिल्डर लुच्चा असणार हे प्रेक्षक गृहीत धरतो, संपादिकेकडून मात्र त्याला न्यायाची आशा असते. भक्ती बर्वे यांनी ही आशा गोड बोलून, लाडीगोडी लावून, सभ्य हसून वाढवत नेली आणि शेवटी थंडपणे मोडली. पुरावा हाती येताच शोभा सौदा करते आणि अखेर लुटारूंच्याच टोळीत जाऊन बसते. ज्या चेहऱ्यावर आणि आवाजावर विश्वास ठेवून लोकांनी दूरदर्शनच्या बातम्या ऐकल्या, तोच चेहरा इथे बातमी विकायला काढतो. हे योजून केलेले असो वा नसो, त्याचा परिणाम नेमका होतो.

पुनरुज्जीवनाचे काम चिकाटीचे असते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपासच्या चित्रपटात जवळपास दोन लाख चौकटी भरतात. निगेटिव्हची प्रत्येक चौकट स्कॅन करायची, तिच्यावरील धूळ, ओरखडे, डाग संगणकावर काढायचे, फिकटलेले रंग जुळवायचे आणि ध्वनिपट्टीवरील खरखर कमी करायची. खरखर काढताना कलावंताचा श्वासही पुसला जाण्याचा धोका असतो. भक्ती बर्वे यांच्यासारख्या, विरामातून बोलणाऱ्या अभिनेत्रीच्या बाबतीत तो अधिकच.

रंगभूमीवर त्या अखेरपर्यंत रमल्या. ‘आई रिटायर होतेय’मध्ये संसारातून निवृत्ती जाहीर करणारी गृहिणी त्यांनी उभी केली, तर अजित दळवी लिखित आणि चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये कस्तुरबा. लेखक आणि दिग्दर्शक दोघेही औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या नाट्यचळवळीतून आलेले. दूरदर्शनसाठी केलेल्या ‘बहिणाबाई’ या चित्रपटात त्या खानदेशची कवयित्री झाल्या. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९९० मध्ये मिळाला. अभिनेते-दिग्दर्शक शफी इनामदार हे त्यांचे पती. कुंदन शहा ज्या मालिकेच्या दिग्दर्शकांपैकी एक होते, त्या ‘ये जो है जिंदगी’मुळे इनामदार घरोघरी पोहोचले होते. मार्च १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढील काळात भक्ती बर्वे ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रम करीत असत. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईहून मुंबईकडे परतताना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्या ५२ वर्षांच्या होत्या. पु. ल. गेले त्याला तेव्हा अवघे आठ महिने झाले होते.