न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर आणि १९६४ चा पेच

कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ ही नावं आपली मुलं धडाधड म्हणून दाखवतात. मग एखादं पोर विचारतं की सर, यांच्यातच भांडण लागलं तर मोठं कोण? अशा वेळी मी वर्गात एका साताऱ्याच्या माणसाची गोष्ट सांगतो.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ चा, साताऱ्याचा. वडील बाळाचार्य संस्कृतचे पंडित, आणि भाऊ अश्वत्थामाचार्यही पुढे संस्कृतचे नामवंत प्राध्यापक झाले. प्रल्हाद धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, कायद्याकडे वळले, आणि १९२६ मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली करू लागले. १९४५ मध्ये तिथेच न्यायाधीश, १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टात. कामगार कायद्यात त्यांचा शब्द मोठा मानला जाई. आरक्षण साधारणपणे ५० टक्क्यांच्या आत असावं हे आपण आज रोज ऐकतो ना, ते मूळ १९६२ च्या बालाजी खटल्यात त्यांनीच लिहिलेलं. म्हैसूर सरकारने तेव्हा ६८ टक्के जागा राखून ठेवल्या होत्या.

१ फेब्रुवारी १९६४ ला ते सरन्यायाधीश झाले. दोन महिनेही पुरे झाले नव्हते, तोच उत्तर प्रदेशात ठिणगी पडली.

गोरखपूरच्या केशव सिंह नावाच्या माणसाने एका आमदाराविरुद्ध पत्रक काढलं. विधानसभेने हक्कभंग ठरवून त्याला समज द्यायला सभागृहात उभं केलं, तर हा गडी अध्यक्षांकडे पाठ करून उभा राहिला! १४ मार्चला त्याला सात दिवसांची कैद झाली. १९ मार्चला त्याच्या वकिलाने हायकोर्टाच्या लखनौ खंडपीठाकडे अर्ज केला, आणि न्यायमूर्ती बेग आणि सहगल यांनी त्याला जामिनावर सोडलं. इथपर्यंत साधीच गोष्ट. पण २१ मार्चला विधानसभेने ठराव केला की केशव सिंह, त्याचा वकील आणि ते दोन्ही न्यायाधीश यांना पकडून सभागृहापुढे आणा.

जरा डोळ्यापुढे आणा. हायकोर्टाचे न्यायाधीश, आणि त्यांना धरून नेणार! दोघांनी आपल्याच कोर्टाकडे दाद मागितली. २३ मार्चला अलाहाबाद हायकोर्टाचे २८ न्यायाधीश एकत्र बसले आणि ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. विधानसभाही थोडी नरमली. अटकेचा आग्रह सोडला, पण येऊन खुलासा करा ही मागणी कायम ठेवली. अखेर २६ मार्चला राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली सुप्रीम कोर्टाचा सल्ला मागितला.

सात न्यायाधीशांचं पीठ बसलं. विधानसभेच्या बाजूने सीरवाई, न्यायाधीशांच्या बाजूने सेटलवाड. दोघेही मुंबईचे नावाजलेले वकील. सीरवाईंचा मुद्दा कच्चा नव्हता, हे मुलांना जरूर सांगा. घटनेच्या कलम १९४ मध्ये तेव्हा लिहिलं होतं की स्वतःचा कायदा होईपर्यंत विधानसभेचे विशेषाधिकार ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सइतके राहतील. आणि तिथे सभागृहाने दिलेल्या शिक्षेत कोर्ट सहसा डोकावत नाही.

३० सप्टेंबर १९६४ ला सहा विरुद्ध एक असा सल्ला आला. बहुमताचं मत गजेंद्रगडकरांनी लिहिलं. ब्रिटिश पार्लमेंट एके काळी स्वतःच न्यायालय होतं. आपल्या विधानसभा कधीच नव्हत्या. तिथे लिखित घटना नाही. इथे आहे, आणि सभागृह तिच्या खाली आहे. न्यायाधीशाच्या कामावर सभागृहात चर्चासुद्धा करायला कलम २११ मनाई करतं, मग शिक्षा कुठून करणार? सभागृहाबाहेरचा नागरिक तुरुंगात पडला तर हायकोर्ट त्याचं गाऱ्हाणं ऐकू शकतं.

मला स्वतःला यातला संयम जास्त भावतो. कोर्टाने विशेषाधिकार मोडीत काढले नाहीत. आमदार, मंत्री, न्यायाधीश सगळे एकाच घटनेची शपथ घेतात, तेव्हा एकमेकांचा मान राखून वागा, असंही त्यांनी बजावलं. एकटे न्यायमूर्ती सरकार विरोधात गेले. गंमत म्हणजे सरकार हे त्यांचं आडनाव, आणि पुढे गजेंद्रगडकरांनंतर सरन्यायाधीश तेच झाले.

मार्च १९६६ मध्ये निवृत्त झाल्यावर गजेंद्रगडकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९७१ पासून विधी आयोगाचे अध्यक्ष राहिले, १९७२ मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जून १९८१ ला ते गेले.

आणि केशव सिंह? मुलं हे हमखास विचारतात. त्याचा अर्ज मार्च १९६५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने फेटाळला, कारण शिक्षा करायचा अधिकार सभागृहाला होताच. सातातला उरलेला एक दिवस त्याच्या नशिबी राहिलाच.