घोड्याची पाठ, स्वाराची मांड

जुन्या जिमखान्यांच्या भिंतींवर किंवा थंड हवेच्या ठिकाणच्या एखाद्या बंगल्यात इंग्रजी शिकारीची रंगीत चित्रे अजून टांगलेली आढळतात. लाल कोट, काळ्या टोप्या, पुढे कुत्र्यांचा घोळका आणि कुंपणावरून उड्या घेणारे घोडे. ही चित्रे जरा जवळून पाहिली तर त्यांत दोन चुका दिसतात. पहिली चूक चित्रकाराची. धावणाऱ्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय पुढे आणि मागचे दोन्ही मागे ताणलेले दाखवलेले असतात. भरधाव घोडा असा कधीच नसतो. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने कॅमेरे मांडून ते सिद्ध केले. दुसरी चूक मात्र चित्रकाराची नव्हे. घोडा कुंपण ओलांडून खाली उतरतो आहे आणि स्वार आरामखुर्चीत बसल्यासारखा मागे रेललेला आहे, पाय पुढे ताठ, हातात लगाम खेचलेला. चित्रकाराने पाहिले तेच काढले. पिढ्यान् पिढ्या स्वार खरोखरच तसे बसत आणि तसेच शिकवत.

ही दुसरी चूक दाखवून देणारा माणूस इटलीच्या घोडदळात होता. फेदेरिको काप्रिल्ली हे त्याचे नाव. जगात आज कुठेही, मग ते ऑलिंपिकचे मैदान असो की महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचा रायडिंग क्लब, घोडा अडथळ्यावरून उडी घेतो तेव्हा स्वार ज्या पद्धतीने खोगिरावरून किंचित उठून पुढे झुकतो, ती पद्धत या माणसाची. त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसे कुणी लिहिलेले नाही. ज्यांची मुले आज रायडिंग शिकतात, त्यांना तरी तो ठाऊक असावा असे वाटते.

काप्रिल्लीचा जन्म ८ एप्रिल १८६८ चा, लिव्होर्नो या समुद्रकाठच्या गावचा. लष्करी शिक्षण फ्लॉरेन्स, रोम आणि मोदेना येथे झाले. धड लांब, पाय त्यामानाने आखूड; अशा बांध्याचा मुलगा घोडदळाला फारसा योग्य नाही, असे त्याच्याबद्दल लष्करी डॉक्टरांचे मत पडले होते असे सांगितले जाते. त्यात तथ्य असेल तर ते मत त्या काळच्या समजुतीला धरूनच होते. लांब पाय घोड्याच्या पोटाभोवती खोल लोंबत ठेवायचे आणि त्यांच्या वजनावर मांड पक्की करायची, हे तेव्हाच्या स्वारीचे सूत्र. आखूड पायांच्या माणसाला ते जमायचे कसे? पुढे याच माणसाने रिकीब आखूड करून सगळ्या जगाला तसे बसायला लावले, ही गंमत आहे. शरीराच्या अडचणीतूनच त्याला वाट सापडली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मला तो आवरता घ्यावासा वाटतो, कारण काप्रिल्लीचे खरे लक्ष स्वत:च्या शरीराकडे नव्हतेच. ते घोड्याकडे होते.

आल्प्सच्या पायथ्याशी, तुरिनजवळ पिनेरोलो नावाचे गाव आहे. इटलीच्या घोडदळाची शाळा तिथे होती. काप्रिल्ली तिथे शिकला आणि पुढे तिथेच शिक्षकही झाला. रोमच्या सीमेवर तोर दी क्विंतो येथे १८९१ मध्ये या शाळेची एक शाखा निघाली. कड्यासारख्या तीव्र उतारावरून घोडे खाली उतरवणाऱ्या अधिकाऱ्यांची तिथली छायाचित्रे पुढे फार गाजली. तिथेही काप्रिल्ली शिकवत असे. शाळेचे शिक्षण मात्र जुन्या वळणाचे होते. रिंगणात घोड्याची मान वळवून, त्याला गोळा करून, तोलून-मापून चालवायचे, हीच विद्या. ती विद्या खोटी नव्हती. पण रिंगणातल्या या घोड्याला बाहेर माळावर, ओढ्यानाल्यांवरून न्यायचे झाले की घोटाळा होई. घोडे अडथळ्यापाशी अडत, उधळत, पडत.

काप्रिल्लीने एक साधी गोष्ट केली. घोड्यावरचे खोगीर उतरवले, स्वारही उतरवला आणि मोकळ्या घोड्याला अडथळ्यावरून उडी घेऊ दिली. हे तो पुन्हा पुन्हा पाहत राहिला, त्याची छायाचित्रे काढत राहिला. मोकळा घोडा उडी घेताना डोके आणि मान पुढे लांबवतो, पाठ कमानीसारखी वर उचलतो आणि उतरताना पुढच्या पायांवर उतरतो. जुन्या मताचा सगळा डोलारा या शेवटच्या गोष्टीच्या भीतीवर उभा होता. पुढचे पाय नाजूक, तेव्हा उतरताना स्वाराने मागे रेलून त्यांच्यावरचा भार कमी करायचा, असे तर्कशास्त्र. प्रत्यक्षात घोडा कसाही पुढच्या पायांवरच उतरतो, स्वार मागे असो वा पुढे. मागे रेललेला स्वार एवढेच करतो की घोड्याने पाठ उचलण्याच्या नेमक्या क्षणी तिच्यावर आदळतो, आणि मान लांबवण्याच्या नेमक्या क्षणी लगामाने त्याच्या तोंडाला हिसका देतो. दोनचार वेळा असे झाले की घोडा शहाणा होतो. उडी म्हणजे पाठीत आणि तोंडात कळ, हे त्याला कळते. मग तो अडथळ्यापाशी थांबतो आणि आपण त्याला अडेल म्हणतो.

काप्रिल्लीचा उपाय या निरीक्षणातूनच निघाला. रिकीब काही भोके वर घ्यायची. गुडघा पुढे, टाच खाली, बूड खोगिरावरून किंचित सुटलेले, धड पुढे. हात घोड्याच्या तोंडामागे जातील, त्याला अडवणार नाहीत. घोड्याने स्वाराशी जुळवून घ्यायचे नाही, स्वाराने घोड्याशी जुळवून घ्यायचे. ऐकायला हे सोपे वाटते; पण घोड्याला वाकवणे हाच ज्यांचा व्यवसाय होता, त्यांना हे पचणे कठीण गेले. आपली मते त्याने १९०१ मध्ये घोडदळाच्या एका नियतकालिकात मांडली. लिहिण्याचा त्याला कंटाळा होता आणि मागे उरले ते लेखनही थोडेच आहे. ते इंग्रजीत पुस्तकरूपाने यायला १९६७ साल उजाडले.

कागदावर जे पटत नव्हते ते मैदानावर दिसले. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये घोड्यांच्या उंच उडीची एक स्पर्धा झाली होती. इटलीचा त्रिस्सिनो आणि फ्रान्सचा गार्देर यांनी त्यात १.८५ मीटरवर सुवर्णपदक वाटून घेतले. दोनच वर्षांनी, १९०२ मध्ये, तुरिनच्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यात काप्रिल्लीने मेलोपो नावाच्या घोड्यावरून २.०८ मीटरची उडी मारली. हा आकडा आता मागे पडला आहे. चिलीच्या लष्करातल्या लारागिबेलने १९४९ मध्ये हुआसो या घोड्यावरून २.४७ मीटरची उडी घेतली आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. तरीही २.०८ मीटर म्हणजे उंच माणसाच्या डोक्यावरून घोडा जाणे, आणि तेही त्या काळी. इटलीच्या घोडदळाने त्याची पद्धत स्वीकारली. मग पिनेरोलोला परदेशांतून अधिकारी येऊ लागले.

त्यांतला एक रशियाचा पॉल रॉडझियान्को. क्रांतीनंतर देश सुटला तरी विद्या सुटली नाही. १९२८ मध्ये तो आयर्लंडच्या लष्कराच्या अश्वशाळेत शिक्षक झाला. ती शाळा १९२६ मध्ये निघाली होती आणि त्याच वर्षापासून डब्लिनच्या अश्वमेळ्यात देशादेशांच्या संघांची उडीची स्पर्धा सुरू झाली. तिचा फिरता चषक दिला होता तिसऱ्या आगाखानांनी, म्हणजे पुण्यातल्या आगाखान पॅलेसच्याच आगाखानांनी. तो चषक आजही डब्लिनमध्ये खेळला जातो.

पण मूळ प्रश्न खोगिराचा आहे आणि तिथे काप्रिल्लीची कहाणी थोडी अपुरी राहते. मराठीत आपण निरुपयोगी भरताडाला खोगीरभरती म्हणतो. हा शब्द रूढ करणाऱ्याने खोगिरावर नक्कीच अन्याय केला आहे. खोगिराच्या आत लाकडाचा किंवा पोलादी पट्ट्यांचा सांगाडा असतो आणि त्याच्या खाली, घोड्याच्या पाठीशी लागून, लोकरीने भरलेल्या दोन गाद्या. पाठीच्या कण्याला स्पर्श न होता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर स्वाराचे वजन पसरवण्याचे काम ही भरती करते. ती कमीजास्त झाली की पाठ सोलवटते, आणि पाठ सोलवटलेला घोडा म्हणजे पायी चालणारा स्वार. प्रत्येक देशाच्या घोडदळाला हे दुखणे ठाऊक होते. आपल्याकडच्या जिनगरांना तर ते पिढीजात ठाऊक असणार. जीन करणारा तो जिनगर.

काप्रिल्ली ज्या प्रकारच्या खोगिरावर बसत होता, ते जुन्या मांडीसाठी बेतलेले होते. पाय सरळ खाली सोडायचा म्हणून बाजूची पाखेही सरळ खाली उतरलेली. रिकीब आखूड केली की गुडघा पुढे सरकतो, आणि सरळ पाखाच्या खोगिरावर त्याला टेकायला जागा उरत नाही. नवी मांड जुन्या खोगिरावर केवळ अंगच्या कसबाने पेलावी लागे. तिच्या मापाचे खोगीर नंतर आले. काप्रिल्लीचा प्रचारक पिएरो सांतिनी याने त्याचा आग्रह धरला आणि मिलानच्या पारियानी या कारागिरांच्या घराण्याने तशी खोगिरे नावारूपाला आणली. पाखे पुढे कापलेली, गुडघ्याखाली मऊ आधार, बैठकीतला सर्वांत खोल भाग थोडा पुढे आणलेला, रिकीब अडकवण्याची कडीही पुढे. आजचे उडीचे खोगीर ते हेच.

आणि इथूनच नवी अडचण सुरू होते, जी आज आपल्या मुलीसाठी खोगीर शोधणाऱ्या बापालाही चुकत नाही. खोगीर एक असते आणि शरीरे दोन. स्वाराची मांडी लांब असेल तर बैठक मोठी हवी आणि पाखे आणखी पुढे हवीत. पण घोड्याची पाठ आखूड असेल तर मोठी बैठक शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेवर जाते आणि तिथे वजन पेलायला खाली बरगड्यांचा आधार नसतो. बरे, पाखे पुढे जायला हरकत नाही. पण त्यांच्याबरोबर खोगीरच पुढे सरकवले तर आतला सांगाडा खांद्याच्या हाडावर बसतो. उडी घेताना घोडा पुढचा पाय वर दुमडतो तेव्हा ते हाड मागे फिरते आणि सांगाड्यावर आपटते. म्हणजे घोड्याला उडी घेणे सोपे व्हावे म्हणून निघालेले खोगीरच त्याचा खांदा धरून ठेवते. सांगाडा अरुंद असला तर मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याला दोन्हीकडून चिमटा बसतो. रुंद असला तर सगळे खोगीर त्या उंचवट्यावरच टेकते. बसल्यावर तिथे दोन-तीन बोटे सहज जातील एवढी जागा राहायला हवी. जागा उरत नाही म्हणून खाली जाड गादी घालणे हा पुष्कळांचा उपाय असतो. आधीच घट्ट असलेल्या बुटात दुसरा मोजा घालण्याचाच तो प्रकार. त्यात पुन्हा घोड्याची पाठ ही वर्षभर एकच नसते. काम वाढले, चारा बदलला, वय झाले की स्नायू भरतात वा उतरतात. गेल्या वर्षी नेमके बसणारे खोगीर यंदा बसेलच असे नाही. लोकर काढून नव्याने भरावी लागते.

दोघांचे जुळत नसेल तेव्हा कुणाची सोय आधी पाहायची? काप्रिल्लीचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. स्वार रिकीब एक भोक वरखाली करू शकतो, थोडे वेगळे बसायला शिकू शकतो. घोड्याला आपली पाठ बदलता येत नाही. म्हणून आधी घोड्याच्या पाठीवर रिकामे खोगीर ठेवून पाहायचे, तंग न आवळता, खाली गादी न घालता. तिथे ते बसले तरच त्यात स्वार बसवायचा. दुकानात लाकडी घोडीवर ठेवलेल्या खोगिरात बसून पसंती देण्याची आपली रीत बरोबर उलटी आहे. उत्तम चामड्याचे, महागडे, नामांकित खोगीरही चुकीच्या पाठीवर शिक्षाच ठरते. उलट, कानपूरच्या कारागिराने नेमके बेतलेले साधे खोगीर वर्षानुवर्षे घोड्याला त्रास देत नाही.

काप्रिल्लीला हे नवे खोगीर पाहायला मिळाले नाही. ६ डिसेंबर १९०७ रोजी तुरिनमध्ये तो एका घोड्याची परीक्षा घेत होता. रस्ता बर्फाने निसरडा झाला होता. समोर अडथळा नव्हता, शर्यत नव्हती, की तोर दी क्विंतोचा कडा नव्हता. तो पडला, डोक्याला मार लागला, त्यातच गेला. वय अवघे एकोणचाळीस.

स्वारी संपल्यावर अनुभवी मोतद्दार खोगीर उतरवतो आणि खरारा हातात घेण्याआधी क्षणभर घोड्याची पाठ पाहतो. दोन्ही बाजूंना घाम सारखा उमटलेला असेल तर ठीक. ओल्या पाठीवर मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तिथे खोगीर फार जोराने दाबत होते. तो ठिपका तसाच दाबला जात राहिला तर काही दिवसांनी तिथे पांढरे केस उगवतात, आणि मग ते जात नाहीत.