पदवी नसलेले पक्षिशास्त्रज्ञ : डॉ. सलीम अली

१२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. दरवर्षी आम्ही या दिवशी शाळेत पक्ष्यांची चित्रे लावतो. यंदा त्या चित्रांमागचा माणूस आपल्यापुढे ठेवावा, असे आम्हाला वाटले.

सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आई-वडील दोघेही गेले. मामा-मामींनी त्यांना वाढवले. मामा शिकारी होते, त्यामुळे मुलाच्या हातीही छर्ऱ्यांची बंदूक आली. एकदा त्यांनी गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी पाडली. ती कोणती, हे मामांना सांगता येईना. त्यांनी भाच्याला मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय कपाटे उघडून जतन केलेले कितीतरी पक्षी दाखवले. शिकारीची हौस तिथून अभ्यासाकडे वळली.

शाळा-कॉलेजात मात्र त्यांचे फारसे जमले नाही. मॅट्रिक कसेबसे झाले, कॉलेज मध्येच सुटले. घरच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले, पण तिथेही मन रमले ते पक्ष्यांतच. परत आल्यावर त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले, पण विद्यापीठाची पदवी नव्हती. म्हणून सरकारी प्राणी सर्वेक्षण खात्यात पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. रजा घेऊन ते बर्लिनला प्रा. स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकले. १९३० साली परतले, तेव्हा पैशांअभावी ती जागाच रद्द झाली होती. तिशी ओलांडलेली, संसार मागे आणि हाताला काम नाही!

पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहिले. तिथे सुगरण पक्ष्याची वसाहत होती. ते रोज तासन्‌तास बसून नोंदी करत. आपण सुगरण म्हणतो खरे, पण घरटे विणतो तो नर. अर्धे विणून झाले की मादी येऊन पाहते. पसंत पडले तर तिथे राहते, आणि नर दुसरे विणायला घेतो. हे सारे त्यांनी बारकाईने लिहून काढले.

यानंतरचा भाग आपल्या मातीशी जोडलेला आहे. सलीम अली यांनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : फिरण्या-राहण्याचा खर्च द्यावा, वेतन नको, पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबाद संस्थानाने ते मान्य केले आणि १९३१-३२ मध्ये पाहणी झाली. बिदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुरगी) हे जिल्हे तेव्हा याच संस्थानात होते. तेहमिनाबाई मुक्कामाची व्यवस्था सांभाळत. १९३९ साली त्यांचे निधन झाले. हा घाव मोठा होता, तरी काम थांबले नाही.

त्या काळी अभ्यासासाठी पक्षी मारून त्यांची कातडी जतन करत. सलीम अली यांनीही तेच केले. पण विनाकारण हत्येला त्यांचा विरोध होता. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि सामान्य माणूसही पक्षी ओळखू लागला. पुढे रिप्ले यांच्यासह १० खंडांचा ग्रंथ झाला. भरतपूरचे पाणथळ आणि केरळातील सायलेंट व्हॅली वाचवण्यासाठी त्यांनी आपले वजन खर्च केले. राष्ट्रीय पक्षी म्हणून त्यांनी माळढोक सुचवला होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळढोक म्हणजे आपल्यासारख्या उघड्या माळाचा पक्षी. आज तो देशात फार थोडा उरला आहे.

ज्यांच्याकडे पदवी नव्हती, त्यांना अलीगढ, दिल्ली आणि आंध्र विद्यापीठांनी सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९७६ साली पद्मविभूषण मिळाले, १९८५ साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले. १९८७ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

पालकांनो, गुणपत्रिका महत्त्वाची आहेच. पण एखादे मूल विहिरीवरच्या बाभळीतले घरटे पाहत उशिरा घरी आले, तर रागावण्याआधी त्याने काय पाहिले हे एकदा विचारावे, एवढी आमची विनंती आहे. आणि मुलांनो, घरट्याला हात लावू नका. वही-पेन्सिल घ्या, दिनांक टाका आणि जे दिसेल तेच लिहा.