विश्लेषण : जगाला टिकाऊ रबर देणारे गुडइयर कर्जबाजारी का राहिले?

गाडीच्या टायरवर ‘गुडइयर’ हे नाव अनेकांनी वाचले असेल. पण ज्यांच्यावरून ते आले, त्या चार्ल्स गुडइयर यांनी टायरची कंपनी कधी काढलीच नाही. १ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर सुमारे २ लाख डॉलरचे कर्ज होते.

रबराची अडचण काय होती?

गुडइयर यांचा जन्म १८०० मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे झाला. वडिलांबरोबरचा अवजारांचा धंदा १८३० मध्ये बुडाला आणि कर्जापायी त्यांना तुरुंगात जावे लागले. त्या काळी रबरी वस्तू बाजारात येत होत्या, पण रबर उन्हाळ्यात चिकट होऊन पाघळे आणि थंडीत कडक होऊन तडके. गुडइयर यांनी नायट्रिक आम्ल वापरून टपालाच्या पिशव्या बनवल्या. त्याही उन्हाळ्यात टिकल्या नाहीत.

शोध निव्वळ अपघाताने लागला?

तसे म्हणता येत नाही. गंधकाचा उपयोग त्यांना नॅथॅनियल हेवर्ड यांच्याकडून कळला होता. १८३९ मध्ये वोबर्न येथे गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले. ते वितळण्याऐवजी चामड्यासारखे करपले. नेमकी किती उष्णता आणि किती वेळ द्यायचा, हे ठरवण्यात मात्र पुढची काही वर्षे गेली. तापवल्यावर गंधक रबराच्या लांब रेणूसाखळ्या एकमेकींना जोडतो. त्यामुळे ताणलेले रबर पुन्हा मूळ आकारात येते.

श्रेय कोणाला मिळाले?

अमेरिकेतील पेटंट गुडइयर यांना जून १८४४ मध्ये मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र थॉमस हॅन्कॉक यांनी त्यांच्या रबराचे नमुने पाहून १८४३ मध्येच अर्ज केला होता. तिथला हक्क हॅन्कॉक यांच्याकडेच राहिला. ‘व्हल्कनायझेशन’ हे नावही हॅन्कॉक यांच्या मित्राने रोमन अग्निदेवतेवरून सुचवले. अमेरिकेत १८५२ मध्ये डॅनियल वेबस्टर यांच्या वकिलीमुळे गुडइयर खटला जिंकले. पण प्रयोग, प्रदर्शने आणि कोर्टकचेऱ्यांचा खर्च मिळकतीपेक्षा मोठा होता.

मान कधी मिळाला?

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या रबरी वस्तूंचा गौरव झाला. फ्रान्सचा ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान मिळाला, तेव्हा ते कर्जापायी पॅरिसच्याच तुरुंगात होते. त्यांच्या मृत्यूनंतर ३८ वर्षांनी, १८९८ मध्ये, फ्रँक सायबरलिंग यांनी ओहायोतील ॲक्रन येथे टायर कंपनी काढली आणि तिला गुडइयर यांचे नाव दिले. त्यांच्या कुटुंबाचा या कंपनीशी काहीही संबंध नव्हता.