प्रपंच न टाकणारे तुकोबाराय

पुण्याहून नगरच्या वाटेने निघाले म्हणजे वाघोली लागते. वाघेश्वराचे जुने देऊळ येथले ग्रामदैवत. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत सामील झाले, आणि आमच्या लहानपणी जेथे ज्वारीची ताटे डुलत होती तेथे आता सिमेंटच्या इमारती उभ्या आहेत. पण वारकऱ्याला वाघोलीचे नाव ऐकले की दुसरेच काही आठवते. श्रीतुकोबारायांच्या चरित्रात या गावाचे नाव मोठे आहे, आणि पलीकडचे लोहगाव तर मातोश्री कनकाईंचे माहेर. म्हणजे ही महाराजांच्या आजोळाकडची शीव. म्हणून वाघोलीत कीर्तनाला उभे राहिलो की आम्हांला कोणाच्या तरी घरच्या ओसरीवर बसल्यासारखे वाटते.

तुकोबारायांचे चरित्र वाचकांना मुखोद्गत आहे. आज आम्ही ते प्रापंचिकाच्या बाजूने सांगणार आहोत, कारण त्या बाजूने आम्हीच पुष्कळ वर्षे ते नीट पाहिले नव्हते.

महाराजांचा जन्म शके १५३० च्या सुमाराचा, म्हणजे इ. स. १६०८ चा धरतात. कूळ मोरे, आडनाव आंबिले, जात कुणब्याची. देहूस घरची शेती, गुरेढोरे, दुकानदारी, सावकारी आणि बाजारपेठेची महाजनकी. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी आणि दारात विठोबाचे देऊळ. वडील बोल्होबा, थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. अशा भरल्या घरात, पेरणी आणि मळणीच्या धांदलीत, खळ्यावर धान्य मापून घेत हे मूल वाढले. सावजींचे चित्त पहिल्यापासून विरक्त, म्हणून कारभाराचे जू तुकोबांच्या मानेवर आले, तेही तेराव्या वर्षी. पहिले लग्न रखुमाबाईंशी झाले. तिला दम्याचा विकार निघाला, तेव्हा आईबापांनी पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांची मुलगी जिजाई ही दुसरी सून करून आणली.

सतरावे लागले आणि पाठोपाठ घाव सुरू झाले. आईबाप गेले. सावजींची बायको गेली आणि सावजी तीर्थाटनाला निघाले, ते परत आले नाहीत. त्यावर इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनवर आणि गुजरातवर भयंकर दुष्काळ पडला. पाऊस नाही, चारा नाही, गुरे दावणीला मेली, माणसे अन्नावाचून गेली. तुकोबांचा व्यापार बसला, दिवाळे निघाले. त्या काळात रखुमाबाई अन्नान्न करून गेली आणि पाठोपाठ तिचा लेक संतू गेला.

वाचकहो, येथे जरा थांबावे. एकाच घरातले दोघे भाऊ. दोघांच्याही बायका गेल्या. एक घर सोडून गेला आणि एक घरात राहिला. सावजींना दोष देण्याचा आमचा अधिकार नाही, दुःखाला ज्याची त्याची वाट असते. पण तुकोबांनाही तीच वाट मोकळी होती. पोटचा पोर गेलेल्या माणसाने भगवी वस्त्रे घेतली असती तर कोण नाव ठेवणार होते? त्यांनी घेतली नाहीत. ते भामचंद्राच्या आणि भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, पण संध्याकाळी म्हणा, दोन दिवसांनी म्हणा, त्यांची पावले देहूकडेच वळत.

पडलेले देऊळ त्यांनी उभे केले. पुढे सावकारीच्या खतांचा प्रसंग आला. हा प्रसंग आम्ही कीर्तनातून शेकडो वेळा सांगितला असेल, वैराग्याचा दाखला म्हणून. महाराजांनी कर्जखते इंद्रायणीत टाकली, एवढेच सांगून टाळ्या घेतल्या. पण मधली गोष्ट आम्ही घाईने ओलांडून जात होतो. टाकण्याआधी त्यांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी खते धाकट्या कान्होबांच्या हाती दिली आणि मग आपली अर्धी बुडविली. भावाच्या लेकराबाळांच्या तोंडचा घास आपल्या वैराग्यापायी त्यांनी पाण्यात घातला नाही. त्याग करायचा तो आपल्या वाट्याचा. याला आम्ही प्रपंचातला धर्म म्हणतो. शास्त्राच्या पोथ्या आम्ही बारा वर्षे घोकल्या, पण दायभागाचा विचार इतका स्वच्छ आम्हांला कोठे दिसला नाही.

आता वाघोलीकडे येऊ. माघ शुद्ध दशमीला गुरुवारी बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात रामकृष्णहरि हा मंत्र दिला, नामदेवरायांनी स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, आणि अभंगांची गंगा वाहू लागली. ही गोष्ट वाघोलीचे रामेश्वरभट्ट यांच्या कानी गेली. मोठे विद्वान, वेदशास्त्रसंपन्न. कुणब्याच्या मुखातून वेदांचा अर्थ निघतो हे त्यांना सोसले नाही. त्यांच्या शब्दावरून महाराजांनी वह्या इंद्रायणीच्या डोहात सोडल्या. नंतर देवळापुढच्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून पडून राहिले, आणि वह्या पाण्यावर तरंगून आल्या, असे संप्रदायाची परंपरा सांगते.

इकडे रामेश्वरभट्ट पुण्यास नागनाथाच्या दर्शनाला निघाले असता वाटेत अनगडशहा फकिराच्या विहिरीवर त्यांनी स्नान केले आणि अंगाचा दाह सुरू झाला, तो काही केल्या शमेना. ते आळंदीस माउलींच्या पायांशी जाऊन पडले. तेथे दृष्टांत झाला, की तुकोबांना शरण जावे. महाराजांनी एक अभंग लिहून पाठविला आणि दाह निवला. महिपतीबुवांनी ही कथा विस्ताराने सांगितली आहे. पुढे हेच रामेश्वरभट्ट महाराजांचे शिष्य झाले, आणि आज गावोगावी जी तुकोबारायांची आरती आपण म्हणतो ती त्यांचीच रचना मानतात. ज्यांच्या शब्दाने वह्या बुडाल्या त्यांच्याच शब्दांनी आपण रोज ओवाळतो. आम्हीही पाठशाळेतून बाहेर पडलो तेव्हा प्राकृताकडे नाक मुरडणारेच होतो. रामेश्वरभट्टांचा दाह आम्हांला थोडासा ठाऊक आहे.

पण आमचा खरा दाह निवला तो निराळ्या प्रसंगी, आणि तोही वाघोलीतच. सप्ताहात आमचे कीर्तन होते. उसाची गोष्ट रंगात आली होती. कोणी महाराजांना उसाची मोळी दिली, वाटेत पोरे भेटली, एकेक करून ऊस वाटले गेले आणि घरी एकच कांडे पोचले. जिजाईने ते रागाने पाठीत हाणले, त्याचे तुकडे झाले, आणि महाराज हसून म्हणाले, की बरे झाले, वाटणी तूच करून दिलीस. यावर सभा हसते. जिजाईचा आवाज काढून, पदर खोचून दाखवून, आम्ही ती दर वेळी हसवीत आलो. त्या रात्रीही मंडप हसला.

कीर्तन आटोपले. बुक्का लावून घ्यायला एक म्हातारी आली. हातांना घरे पडलेली, शेतात आयुष्य गेलेली बाई. पाया पडली आणि हळूच विचारती झाली, की बुवा, त्या राती घरातल्या पोरांनी काय खाल्लं? आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिला टोचायचे नव्हते, तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. आमच्यापाशी उत्तर नव्हते. न्यायशास्त्र आले, व्याकरण आले, त्या प्रश्नापुढे काही चालले नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. घरची आठवण झाली. आम्ही वर्षाचे आठ महिने गावोगाव फिरणार, बिदागी कधी मिळणार, कधी नारळावर भागणार. मागे मुलांच्या पोटाचे, शाळेचे, आजाराचे कोणी पाहिले? घरी जिजाई होतीच, आणि आम्ही मात्र मंडपात जिजाईची नक्कल करीत होतो.

तेव्हापासून आम्ही चरित्र पुन्हा वाचले. महाराज डोंगरावर बसले की ही बाई घरचे काम उरकून, भाकरी फडक्यात बांधून चढण चढत असे. त्यांना जेवू घातल्याशिवाय ती स्वतः जेवत नसे. वाटेत पायात काटा मोडला तेव्हा प्रत्यक्ष विठोबाने तो काढला, असे परंपरा सांगते. ज्याला ती तोंड भरून शिव्या देई, त्याच देवाने तिचा पाय हाती घेतला! देवाला तिचे कष्ट दिसले, आम्हां कथेकऱ्यांना दिसले नाहीत. ती कजाग नव्हती. अभंगांची वही भरत होती तेव्हा धान्याची कणगी रिकामी होत होती, आणि त्या रिकाम्या कणगीत हात घालणारी ती एकटी होती.

महाराजांनीही तिला टाकले नाही. काशी, भागीरथी, गंगा या लेकी, महादेव, विठोबा हे लेक. लेकींच्या लग्नाला पैसा नव्हता, तर रस्त्यात खेळणारी आपल्या जातीची तीन मुले घरी आणून त्यांनी लग्ने लावून दिली, अशी कथा आहे. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ. स. १६५० साली, महाराज वैकुंठाला गेले तेव्हा जिजाई गरोदर होती. मागाहून जन्मले ते नारायणबाबा. त्यांनीच इ. स. १६८५ मध्ये महाराजांच्या पादुका पालखीत घालून आषाढीची वाट धरली. आपण ज्या पालखीमागे चालतो ती त्या माउलीच्या धाकट्या लेकाने सुरू केली. वंश आणि वारी दोन्ही तिने राखली.

आम्ही उसाची गोष्ट अजून सांगतो. पण आता जिजाईचा आवाज काढीत नाही. कांडे मोडल्यावर क्षणभर थांबतो, आणि म्हातारीचा तो प्रश्न सभेपुढे ठेवतो. मंडप हसत नाही. मागच्या बाजूच्या बायका पदराने डोळे पुसतात, आणि एखादा कर्ता गृहस्थ मान खाली घालतो.

वारीला निघणाऱ्या भाविकांना एवढीच विनंती, की पताका खांद्यावर घेण्याआधी घरात दाणा किती आहे ते एकदा पाहावे, आणि मागे राहून गुरेवासरे सांभाळणारीच्या पायाला हात लावून निघावे. तीही वारीच करते आहे. रामकृष्णहरि.